बंद खिडक्यांचा किनारा

हौशी : भावजी, युरोप म्हटलं की आपल्याकडे मे महिना ठरलेला. मुलांच्या परीक्षा संपल्या की टूर कंपनीची बस, बारा दिवसांत पाच-सहा देश आणि रात्री हुडकून काढलेलं इंडियन रेस्टॉरंट. त्याला मी नावं ठेवत नाही, आमचीही पहिली वारी तशीच झाली. पण आता माझं म्हणणं असं, की जायचं तर जानेवारीत जावं आणि किनाऱ्याची एकच पट्टी बघून यावं. नीस ते व्हेंतिमिल्या. फ्रान्सच्या आग्नेय टोकाकडून इटलीत शिरणारा टापू, लोकल गाडीने तासाभराचा. मध्ये विलफ्राँश, मोनॅको, माँतों. रूळ समुद्राला धरून जातात. बोगदा संपला की पाणी, पुन्हा बोगदा, पुन्हा पाणी. दुपारी बारा-तेरा अंश तापमान, म्हणजे पुण्याच्या माणसाला स्वेटर नि मफलर पुरे. पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे दिवस लहान, पण पायही तेवढ्यातच बोलायला लागतात. विलफ्राँशच्या खाडीत उन्हाळ्यात मोठी क्रूझ जहाजं नांगर टाकतात आणि त्यांतली माणसं छोट्या बोटींनी धक्क्यावर ओतली जातात. जानेवारीत त्याच धक्क्यावर गळ टाकून बसलेली दोन म्हातारी माणसं दिसतात आणि एक मांजर. गाव गावासारखं असतं. मला एवढंच हवं असतं.

शंकेखोर : ‘गाव गावासारखं असतं’ हेच मला पटत नाही, वहिनी. ऑफ-सीझनला जाऊन आलेल्या प्रत्येकाची समजूत असते, की खरं गाव आपल्याला दिसलं, बाकीच्यांना खोटं. आणि या किनाऱ्यावर तर हिवाळा ऑफ-सीझन नव्हताच कधी. हिवाळा हाच तिथला मूळ सीझन! अठराव्या शतकापासून इंग्रज नीसला येत होते ते थंडी चुकवायला. समुद्राकाठचा तो प्रसिद्ध रस्ता, प्रोमनाद देझांग्ले, म्हणजे इंग्रजांचा फेरफटका. १८२० च्या दशकात हिवाळी पाहुण्यांच्या वर्गणीतून त्याची सुरुवात झाली. रेल्वे १८६४ साली नीसला पोहोचली, पाच वर्षांनी माँतोंला. मग रशियन सरदार आले, जर्मन आले, १८८२ साली खुद्द व्हिक्टोरिया राणी माँतोंला येऊन राहिली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हॉटेलं उघडायची, एप्रिल-मेमध्ये कुलपं लागायची. उन्हाळ्यात समुद्रात डुंबायची फॅशन आली ती १९२० नंतर, आणि फ्रान्समधल्या कामगाराला पगारी रजा मिळाली १९३६ साली, तेव्हा कुठे ऑगस्टची गर्दी जन्माला आली. युनेस्कोने २०२१ मध्ये नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते कशासाठी? रिव्हिएरावरचं ‘हिवाळी विश्रामाचं शहर’ म्हणून. तुम्ही दोनशेहून जास्त वर्षांच्या मळलेल्या वाटेने जाता आणि म्हणता, आडवाट सापडली.

हौशी : मळलेली वाट असली तर असू दे. पंढरीची वाट काय कमी मळलेली आहे? पण तुम्ही सांगितलंत त्यात एक गोष्ट सुटली. ते हिवाळी पाहुणे मजेला आले नव्हते. निदान माँतोंला तरी नाही. जेम्स हेन्री बेनेट नावाचा इंग्रज डॉक्टर १८५९ साली तिथे आला तो क्षयाने मरायलाच. मेला नाही. बरा झाला, पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या मागोमाग अर्धा युरोप छाती घेऊन माँतोंला आला. जुन्या गावाच्या माथ्यावर जिथे किल्ला होता तिथे आता कबरस्तान आहे, टप्प्याटप्प्यांनी उतरत गेलेलं. चढण जीव काढते. वर गेलं की दगडांवरची नावं वाचत बसावं. इंग्रज, रशियन, डॅनिश. जन्मसाल आणि मृत्युसाल यांची वजाबाकी केली की उत्तर कितीदा तरी विशी-तिशीतलं येतं. रग्बीचा खेळ ज्याच्या नावाने सांगतात तो वेब एलिसही तिथेच आहे, १८७२ साली गेला. सगळ्या कबरींना समुद्र दिसतो. आम्ही गेलो तेव्हा एक बाई हातात पाण्याचा कॅन घेऊन एका जुन्या कबरीवरच्या कुंडीला पाणी घालत होती. दगडावरचं नाव रशियन, तिचं सगळं बोलणं फ्रेंचमधून. आपल्या माणसाची कबर असेल असं वाटलं नाही. ऑगस्टच्या उन्हात त्या चढणीवर कोण जातंय?

शंकेखोर : चढण मान्य. पण एक लक्षात घ्या, ती आजारी माणसं जुन्या गावात राहिली नाहीत. मेल्यावरच तिथे गेली. जिवंत असताना त्यांचे व्हिला आणि हॉटेलं खालच्या सपाटीवर, बागांमध्ये. जुनं गाव त्यांच्या लेखी कोंदट, घाण वासाचं, अंधारं. तिथे धोबिणी राहत, कोळी राहत, हॉटेलांतली भांडी घासणारे राहत. नीसमध्येही तेच. आज उलटं झालंय. पाहुण्याला जुन्या गल्लीतलीच खोली हवी, दगडी जिना हवा, समोरच्या खिडकीत वाळत घातलेले कपडे हवेत. आणि धोबिणीची पणती टेकडीपलीकडच्या सिमेंटच्या इमारतीत राहते, तिथून बसने येऊन तुमच्या खोलीच्या चादरी बदलते. मग तुम्ही ज्याला ‘जुनं गाव’ म्हणता त्यात जुनं काय उरलं? दगड. तेही सगळीकडे नाही. नीसच्या ‘किल्ल्याच्या टेकडी’वर किल्लाच नाही, चौदाव्या लुईने १७०६ मध्ये तो पाडून टाकला. माँतोंचा लिंबांचा उत्सव घ्या. फेब्रुवारीत संत्र्या-लिंबांचे हत्ती नि मनोरे उभे करतात, शेकडो क्विंटल फळं लागतात. त्यांतली बहुतेक फळं स्पेनहून येतात. माँतोंच्या स्वतःच्या लिंबाला भौगोलिक मानांकन आहे, पण पीक एवढंसं, आणि ते महाग लिंबू मनोऱ्यावर बांधायला परवडत नाही.

(शंकेखोर मंडळींची ही एक खोड आहे. ती घरबसल्या फार वाचतात, आणि वाचलेलं बहुधा खरं निघतं.)

हौशी : स्पॅनिश लिंबांचं मला ठाऊक होतं. आपल्या गणपतीपुढची सफरचंदं तरी कुठे कोकणात पिकतात? आणि पाहुण्याने गावावर काही लादलं की ते खोटंच, हे मी मानणार नाही. नीसमध्ये रोज दुपारी बाराला तोफ उडते. ऐकिवात अशी गोष्ट आहे, की १८६० च्या दशकात एका स्कॉटिश पाहुण्याची बायको गप्पांत रमून जेवणाला उशीर करायची, म्हणून त्याने नगरपालिकेकडे तोफेची मागणी केली आणि खर्चही स्वतः सोसला. पाहुणा गेला, तोफ राहिली. आता ती तोफ नसते, शोभेच्या दारूचा बार असतो, पण आवाज झाला की कूर सालेयाच्या बाजारातल्या बायका घड्याळ न बघता आवराआवर सुरू करतात. एका नवऱ्याची कटकट शहराची सवय झाली. आता तुमच्या दगडांबद्दल. विलफ्राँशला र्‍यू ऑब्स्क्यूर म्हणून एक गल्ली आहे, तेराव्या शतकातली, वरून घरं बांधून पूर्ण झाकलेली. आत भर दुपारी दिवा लागतो. ती सुंदर दिसावी म्हणून कोणी बांधली नाही. शिपायांना आडोशाने हालचाल करता यावी, गोळे पडले तर गावाला लपता यावं, म्हणून आहे. ऑगस्टमध्ये तिथे फोटोसाठी रांग. जानेवारीत एक पोरगा त्या अंधारातून सायकल हाणत गेला, वळणावर घंटी वाजवून. त्याला ती वाट जवळची पडत होती. वास्तू वापरात आहे की नाही हे एवढ्यावरून कळतं.

शंकेखोर : एका सायकलीवर निकाल देऊ नका. मी दुसरी मोजणी सुचवतो. संध्याकाळी सात वाजता जुन्या गावातल्या खिडक्या बघायच्या, उजेड किती खिडक्यांत आहे ते. नीस-माँतों ज्या जिल्ह्यात येतात तिथलं जवळपास दर चौथं घर हे कोणाचं तरी ‘दुसरं घर’ आहे. मालक पॅरिसमध्ये, मिलानमध्ये, लंडनमध्ये. उरलेल्यांतली कितीतरी आठवड्याच्या भाड्याने पाहुण्यांना दिलेली. पलीकडे एड्रियाटिकवर दुब्रोव्हनिकच्या तटबंदीच्या आत १९९१ साली पाच हजारांच्या आसपास माणसं राहत होती, आता दीड हजार धरा. युद्धात तोफगोळे पडले तेव्हाही एवढी माणसं गेली नव्हती. बार्सिलोनाने तर जाहीरच केलंय, की २०२८ च्या अखेरीपर्यंत पर्यटकांच्या दहा हजार फ्लॅटचे परवाने बंद करणार. हे उन्हाळ्याचं पाप आहे असं तुम्ही म्हणाल. पण फ्लॅट उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरा असा नसतो. जो फ्लॅट जुलैत इंग्रजाला दिला, तोच जानेवारीत तुम्हाला स्वस्तात दिला. तुमच्यामुळे त्याचं बाराही महिने भागतं. मधल्या काळात तरी कोणा शिक्षिकेला, कोणा नर्सला तो मिळाला असता, तीही शक्यता तुम्ही संपवलीत.

हौशी : हे लागलं. आम्ही उतरलो तो असाच फ्लॅट होता, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दाराजवळ भिंतीवर चाव्यांच्या आठ-दहा डब्या, आकडे फिरवून उघडायच्या. त्या पाहिल्या तेव्हाच मला हिशेब कळला होता, की या जिन्यात शेजारी कोणी नाही. तरी माझं म्हणणं सोडत नाही मी, कारण तुमची मोजणी मी केली. माँतोंच्या वरच्या गल्ल्यांत सात वाजता पूर्ण सामसूम, हिरव्या झडपा मिटलेल्या, चर्चच्या पटांगणात काळ्या-पांढऱ्या गोट्यांच्या नक्षीवर आम्ही दोघंच. माँतोंच्या जुन्या गावात फारसं कोणी राहत नाही, हे मला जानेवारीनेच सांगितलं. नीसच्या जुन्या भागात मात्र तसं नाही. तिथे सकाळी शाळेची घंटा होते, रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंचबरोबर नीसची जुनी बोलीही असते, आणि सोका खायला लागलेल्या रांगेत पुढेमागे सगळे गाववाले. सोका म्हणजे आपलं बेसनाचं धिरडं समजा, फक्त हात-दीड हात रुंदीच्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. बाई उलथन्याने ते ओरबाडून काढते, तुकडे वेडेवाकडे, कडा करपलेल्या, वर मिरपूड. कागदात देते आणि ‘लवकर सरका’ म्हणते. रांगेतल्या एका आजोबांनी बायकोसाठी दोन तुकडे बांधून घेतले. सोमवारी कूर सालेयात भाजी नसते, जुन्या वस्तूंचा बाजार असतो, हे विसरून एक आजी ढकलगाडी घेऊन आली आणि स्वतःवरच चिडली. आता मला सांगा, ऑगस्टमध्ये हा फरक कळला असता का? गर्दी दोन्ही गावांना सारखीच झाकते. कुठे घरं आहेत आणि कुठे नुसत्या भिंती, हे हिवाळ्यातच उघडं पडतं.

शंकेखोर : आणि कळून काय करायचं? डॉक्टरने निदान करावं आणि त्याच दिवशी विमानाने घरी परतावं, तसं झालं हे. चार-सहा दिवसांत गावाची नाडी कळते हे म्हणणंच धाडसाचं. पणजीचं फोंताइन्हास आठवा. रंगीत बाल्कन्या, शिंपल्यांची तावदानं लावलेल्या खिडक्या. तिथल्या रहिवाशांनी फोटोवाल्यांविरुद्ध पाट्या लावल्या, ‘हे घर आहे, सेट नाही’ या अर्थाच्या. त्या पाट्यांचेही लोक फोटो काढतात. आपण पुण्या-मुंबईचे लोक गोव्यात हेच करतो आणि नीसला गेलो की एकदम संवेदनशील निरीक्षक होतो. एवढंच कुतूहल असेल तर चौल-रेवदंडा काय वाईट आहे? दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासपुस्तिकेत कल्याण, सोपारा, चौल सगळे आहेत. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडनची काशाची मूर्ती सापडली, भूमध्य समुद्रावरून आलेली. टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. तिच्यासाठी नव्वद युरो व्हिसाची फी भरावी लागत नाही.

हौशी : ती मूर्ती मी पाहिली आहे, भावजी. आणि मला उलटंच वाटलं. एवढीशी मूर्ती एवढ्या लांब आली, कारण कोणीतरी घर सोडून निघालं होतं. सगळे जण ‘आपलं चौल काय वाईट’ म्हणत बसले असते तर कार्ल्याला त्या दात्यांचे खांब उभे राहिले नसते. हां, ते व्यापारी होते, मी नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते. पण आता शेवटचं गाव राहिलं, व्हेंतिमिल्या. ते या गावांत सगळ्यात कमी देखणं. रोया नदीच्या एका बाजूला नवं गाव, दुसऱ्या बाजूला टेकडीवर जुनं. गिलावा उडालेला, तारांचे गुंते, जिन्यांना लघवीचा वास. पण खिडक्यांत उजेड, आतून टीव्हीचे आवाज, आणि रस्त्यावरून पोराला जेवायला हाका. रंगरंगोटीला पैसा आला नाही म्हणून माणसं राहिली. शुक्रवारी मोठा बाजार भरतो, फ्रान्समधून लोक चीज नि दारू घ्यायला येतात. सोका तिथेही मिळतो, नाव फारिनाता. १८६० च्या सुमारापर्यंत मधली फ्रान्स-इटलीची सरहद्दच नव्हती हो. नीस राजकीय तहात फ्रान्सला गेलं, आणि माँतों १८६१ साली मोनॅकोच्या राजाने शेजारच्या रोकब्र्यूनसकट चाळीस लाख फ्रँकला विकून टाकलं.

शंकेखोर : सरहद्दीचं काढलंत ते बरं झालं. कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. व्हेंतिमिल्याहून परत येताना माँतोंच्या अलीकडे गारावां नावाचं स्टेशन लागतं. २०१५ पासून तिथे फ्रेंच पोलीस गाडीत चढतात. सुदान, एरिट्रिया, अफगाणिस्तानातून आलेली पोरं उतरवून परत इटलीत पाठवतात. कित्येक पोरं मग रुळांवरून, बोगद्यांतून, डोंगरातल्या पायवाटेने जायला बघतात. काही त्यात मेली. ज्या बोगद्यांचं तुम्ही ‘पुन्हा पाणी, पुन्हा पाणी’ म्हणून कौतुक केलंत, तेच हे बोगदे. तुमच्या डब्यात पोलीस आले होते का?

हौशी : आले होते. डब्यात बरीच माणसं होती, पण कागद आम्हाला विचारले आणि पलीकडच्या बाकावरच्या एका मुलाला. गोऱ्यांना नाही. आमचा पासपोर्ट उघडून व्हिसाचं पान बघितलं, ‘मेर्सी, मादाम’. त्या मुलाने एक घडी घातलेला कागद दाखवला. त्याला उतरवलं. तो काही बोलला नाही, बॅग उचलली आणि उतरला. त्याला हे नवीन नसावं. गाडी दोन-तीन मिनिटांत सुटली. पुढे माँतों आलं, आम्ही जेवायला गेलो. जेवलो, हेही सांगते.

शंकेखोर : तुम्हाला टोचायला हे बोललो नव्हतो. पण बघा, या किनाऱ्याचा आणि आपला एक जुना धागा आहे, आणि तो नेमका हाच. ८ जुलै १९१०. मार्सेय बंदरात, आपल्या पुस्तकांतल्या मार्सेलिसला, सावरकरांनी मोरिया बोटीच्या शौचकूपातल्या खिडकीतून उडी टाकली, पोहत धक्का गाठला, पळाले. फ्रेंच भूमीवर पाय लागला होता. फ्रेंच पोलिसाने धरलं आणि बोटीवरच्या इंग्रजांच्या हवाली केलं. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल लागला, की हवाली करण्यात अनियमितपणा झाला असेल, पण ब्रिटनवर परत देण्याचं बंधन नाही. किनाऱ्यावर पाय टेकलेल्या माणसाला आसरा द्यायचा की त्याला परत ढकलायचं, हा प्रश्न एका मराठी माणसाच्या निमित्ताने तिथे विचारला गेला आहे. त्याच मार्सेयचा बंदरालगतचा जुना मोहल्ला १९४३ साली जर्मनांनी फ्रेंच पोलिसांच्या मदतीने रिकामा केला, वीसेक हजार माणसं हुसकली, दीड हजाराच्या आसपास इमारती सुरुंग लावून उडवल्या. कारण काय, तर तिथे परके, भुरटे आणि लपलेले लोक राहतात. तेव्हा ‘जुनं गाव’ हा शब्द ऐकला की मला वास्तू आठवत नाहीत. कोणाला राहू दिलं आणि कोणाला नाही, ते आठवतं.

हौशी : मग आपण दोघं एकाच जागी येऊन उभे आहोत, भावजी. तुम्ही वाचून, मी चालून. फरक एवढाच, की तुम्ही म्हणता, ‘म्हणून जाऊ नये’, आणि मी म्हणते, ‘म्हणून जावं’. मी गेले नसते तर माझा फ्लॅट कोणा नर्सला मिळाला असता याची तुम्हालाही खात्री नाही. बहुधा झडप मिटलेली राहिली असती. आणि गेल्यामुळे त्या मुलाचं काही भलं झालं असंही मी म्हणत नाही.

शंकेखोर : जाऊ नये असं नाही. ‘हिवाळ्यात जाते म्हणून मी निरुपद्रवी’ हे म्हणू नये, एवढंच. ऋतू बदलून जबाबदारी बदलत नाही. फ्लॅटच्या ऐवजी हॉटेलात उतरता आलं असतं. हॉटेल हे पाहुण्यांसाठीच बांधलेलं असतं, कोणाचं घर खाऊन उभं राहिलेलं नसतं.

हौशी : नेहमीच नाही. आणि चार माणसांचं कुटुंब हॉटेलच्या दोन खोल्या, वर दोन वेळचं बाहेरचं जेवण, हे गणित नीसच्या भावात घालून बघा. तुमच्या तत्त्वाने चाललं तर तिथे फक्त पैसेवाल्यांनी जावं असा अर्थ होतो. व्हिक्टोरिया राणीचाच जमाना झाला की तो पुन्हा.

शंकेखोर : ते मला सोडवता येत नाही. पण फ्लॅटचं भाडं स्वस्त का आहे, त्यातला किती वाटा त्या नर्सने भरला, हे तरी बुकिंग करताना डोक्यात असू द्या.

हौशी : असेल. पुढच्या खेपेला स्टेशनजवळचं साधं हॉटेल बघेन, तेही व्हेंतिमिल्यात. तुम्ही येणार असाल तर आत्ता सांगा. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, निघण्याच्या पंधरा दिवस अलीकडे घेत नाहीत. आणि डिसेंबर-जानेवारीत तिथली बरीच छोटी हॉटेलं नि खाणावळी काही आठवडे बंद असतात, ते आधी फोन करून विचारायचं काम तुमचं.